शामलानं डब्बे रिकामे परत केले

सजग आहाराचा कोर्स रितिकानं घेतला, पैसे तिच्या नवऱ्यानं, दुर्गेशनं, भरले, उत्साह वामनरावांना चढला आणि काम शामलाच्या अंगावर पडलं. या घरात नवी गोष्ट येते ती अशीच येते.

कोर्सवाल्या बाईंचं म्हणणं असं, की ओट्यावरचा पसारा डोक्यात शिरतो, डोक्यातून पोटात उतरतो, आणि मग माणूस जेवत नाही, नुसता गिळतो. म्हणून ओटा रिकामा करा. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवताना मोबाइल बंद, तोंड बंद, डोळेही बंद. घास चावून चावून खायचा. बाई हे ज्या ओट्यापुढे उभं राहून सांगत होत्या त्यावर तुळशीची एक कुंडी आणि एक लिंबू होतं. शामलानं सुनेच्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं.

"हिच्या घरी सैपाक कोण करते?"

रितिका हसली. पोरगी वाईट नव्हती. दिवसभर आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायची, आणि संध्याकाळी तिचं डोकं खरंच ठणकायचं. "आई, याने तुमचाही ताण जाईल," ती म्हणाली, आणि तिला तसं वाटतही होतं.

वामनराव तर पेटलेच. निवृत्तीनंतर हुकूम सोडायला माणसं उरली नव्हती, शुगर वाढली होती, आणि डॉक्टरांनी सावकाश जेवा म्हणून बजावलं होतं. ज्यात आपल्याला फक्त बसायचं आहे अशी साधना त्यांना एकदम पटली.

पहिलं सजग जेवण त्याच रात्री झालं. दुर्गेश मौद्याला वीज प्रकल्पात दुसऱ्या पाळीवर होता, म्हणून टेबलावर सासरा आणि सून दोघंच. दोघांचे डोळे मिटलेले, जबडे हळूहळू हलतायत. शामला गॅसपाशी, कारण गार पोळीवर वामनरावांचं ध्यान लागत नाही. बोलायची बंदी होती, म्हणून त्यांनी खुणा शोधून काढल्या. एक बोट वर, एक पोळी. बोट अर्धं वाकवलं, अर्धी पोळी. डोळे न उघडता. शामला तव्यावरून पोळी उचलायची, ताटात टाकायची, परत जायची. दोन माणसांना सजग जेवायचं असेल तर तिसऱ्या माणसानं उभं राहावं लागतं, हे त्या कोर्सवाल्या बाईंनी काही सांगितलं नव्हतं.

शेवटी कढईच्या बुडाची वांग्याची भाजी आणि टोपलीतली तळची पोळी घेऊन ती ओट्याला टेकून चार घासांत मोकळी झाली. पाणी जाण्याआधी भांडी घासायची होती.

वामनराव हात पुसत आले. "काय शांत वाटलं म्हणून सांगू. तूही करून पाह्य एकदा."

शामलानं नळाखाली भाताचा गंज असा आपटला की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

तिला सोनं नको होतं, साडी नको होती. तिला एक जेवण हवं होतं. आपण बसलेलो आहोत, आणि दुसऱ्या कोणाच्या हातची पोळी तव्यावरून थेट आपल्या ताटात पडते आहे, असं एक. रामटेकला माहेरी वहिनी अशी वाढायची. वहिनी गेली, ते सुखही गेलं. मागून मिळतं का ते? मागितलं असतं तर वामनराव म्हणाले असते, कोणी नाही म्हटलं तुले, बस ना. आणि पोळी कोण करणार, हे त्यांच्या डोक्यात आलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ओटा रिकामा करायचा बेत. वामनराव दारात स्टूल टाकून बसले आणि तिथून 'हे काढ, ते ठेव' सुरू केलं. एकदा मात्र ते स्वतः उठले, पोळपाट-बेलणं उचललं आणि कुठल्याशा कपाटात कोंबून परत स्टुलावर येऊन बसले. माळ्यावरून डब्बे उतरले. स्टीलचे, झाकणाचे, कडीचे. बुडावर नावं कोरलेली, आणि त्यातलं एकही नाव या घरातलं नाही.

"हे कोणाचे?" रितिकानं विचारलं.

"हा शोभाताईचा. दिवाळीचे अनारसे आले होते. हा उत्तराचा, हा गोपिकाचा. हा कोणाचा ते आता त्यालेच माहीत."

"मग परत का नाही दिले?"

"भरून द्यायचे राहिले."

यात न कळण्यासारखं काही नाही. भरून आलेला डब्बा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चार लिंबं टाकतात. पण अनारशांच्या डब्ब्यात लिंबं टाकून कसं चालेल? काहीतरी तोलाचं करू, मग देऊ, म्हणता म्हणता माळा भरला होता. बाईच्या डोक्यावरचा निम्मा भार असल्या न फेडलेल्या डब्ब्यांचा असतो, आणि तो कोणत्याही डॉक्टरच्या यंत्रात दिसत नाही.

"आई, हाच तर ताण आहे," रितिका म्हणाली. "भरायचं कशाला? घासून तसेच देऊन टाका."

"रिकामे?"

"रिकामेच."

"जे आपलं नाही ते घरात कायले पाह्यजे?" स्टुलावरून हुकूम आला. "आजच्या आज दे."

शामलानं दोघांकडे नीट पाहून घेतलं. "तुम्ही दोघं सांगून राहिले म्हणून देते. मंग मले म्हणायचं नाही."

रिकामा डब्बा घरी कधी येतो हे तिनं सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. कॉलनीत तो दोनच वेळा येतो. एक, भांडण झालं तर. दोन, घरात कोणी गेलं, चूल बंद आहे, शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून दिला, आणि ते डब्बे विसळून परत पाठवले तर. शामलाला हे आठवलं नसेल असं कोणी समजू नये. पिशवी भरताना ती गुणगुणत होती.

दुपारी ती पहिल्यांदा शोभाताईंकडे गेली. शोभाताई कॉलनीतल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी सवयीनं झाकण उघडलं आणि त्यांना डब्ब्याचं बूड दिसलं.

"काय झालं वं?"

"काही नाही, ताई. घर रिकामं करून राहिलो."

"वामनराव बरे आहेत ना?"

"आहेत. पण कालपासून बोलत नाहीत. डोळे मिटून राहतात."

यात एक शब्द खोटा नव्हता, फक्त 'जेवताना' हा शब्द गाळलेला होता. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. शामला पुढच्या फाटकाकडे निघाली.

उत्तराकडे तिनं आणखी कमी बोलून काम भागवलं. "सूनबाईनं आता माणशी एकच वाटी ठेवली," एवढंच म्हणाली आणि उसासा टाकला. उसासा खरा होता, ऊन कडक होतं. गोपिकाकडे तर नुसताच डब्बा ठेवला आणि आली.

दिवे लागायच्या सुमारास बेल वाजली. वामनरावांनी दार उघडलं. समोर उत्तरा, डोक्यावर पदर, हातात पिठलं-भाताचा डब्बा, चेहरा रडायच्या बेतात.

"तुम्ही?" उत्तरा म्हणाली.

"मंग कोण पाह्यजे होतं?"

उत्तरानं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. मागून शोभाताई गोळाभात घेऊन आल्या. त्यांनी वामनरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. माणूस उभा आहे, बोलतो आहे, आणि पोटही जागच्या जागी आहे. तेवढ्यात गोपिका पाटवडीचा रस्सा घेऊन पोचली, आणि तर्रीचा वास घरभर पसरला. ओटा, जो सकाळपासून मोकळा केला होता, पाच मिनिटांत भरून गेला.

"काय चाललंय हे?" वामनराव म्हणाले. "कोणी सांगतलं आमच्या घरी काही झालं म्हणून?"

"रिकामा डब्बा आला," शोभाताई म्हणाल्या. मग त्यांनी वामनरावांना बाजूला सारलं आणि सरळ शामलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "शामला, खरं सांग. तुले या घरात जेवायला भेटते का?"

रितिकाचा चेहरा उतरला. "काकू, असं काही नाही, मी फक्त कोर्स..."

शामलाला हसून सोडून देता आलं असतं. आजवर तिनं तेच केलं होतं. पण समोर रस्सा वाफाळत होता, आणि तिला भूक लागली होती.

"भेटते, ताई. सगळ्यांचं झाल्यावर जे उरते ते भेटते."

"हे तं आमच्याकडेही तसंच आहे," उत्तरा म्हणाली आणि हसली. गोपिकाही हसली. मग दोघी हसायच्या थांबल्या. वामनराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले.

शोभाताईंनी खुर्ची ओढली. "बस."

शामला बसली. ताटात गोळाभात पडला, वाटीत रस्सा. पोळी नव्हती. कणिक तेवढी मळून झाकून ठेवलेली होती. शामलाचे पाय आपोआप उठायला लागले. इतक्या वर्षांची सवय, पाय ऐकतात थोडेच? शोभाताईंनी खांद्यावर हात दाबून तिला परत बसवलं.

"मी करते," रितिका म्हणाली.

शामलानं तिचा हात धरला. "तू नको. तुयं डोकं दुखते. माह्या शेजारी बस."

आता उभं असलेलं त्या घरचं माणूस एकच उरलं. चार बाया त्याच्याकडे पाहत होत्या, आणि पाचवी, जी त्याची बायको होती, ती रश्श्यात बोट बुडवून चव घेत होती.

"मले नाही येत," वामनराव म्हणाले.

"मलेही नव्हती येत," शामला म्हणाली. "तुमच्या आईनं लग्नाच्या तिसऱ्या दिवशी शिकवली."

"गॅस तिकडे आहे, वामनराव," शोभाताईंनी दिशा दाखवली.

ते गेले. बेलणं सापडेना, कारण सकाळी ते त्यांनीच कपाटात टाकलं होतं. पीठ सांडलं, उंडा एकदा पोळपाटाला चिकटला, एकदा हाताला. रितिका हळूच कुजबुजली, "आई, डोळे मिटून जेवायचं असतं."

"मिटत नाहीत वं. मले पाहू दे."

पहिली पोळी आली. एका कडेला करपलेली, मधे कच्ची, आणि इतकी गरम की बोटं भाजली. शामलानं तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात टाकला. तिनं तो इतका सावकाश चावला की कोर्सवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या असत्या. सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"आणा," ती म्हणाली.

दुसरी आली. मग तिसरी. वामनरावांच्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि तव्याजवळ किती उकडतं हे त्यांना बहुधा आजच कळत होतं. त्यांनी वळून विचारलं, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली आला होता, "किती खातेस तू?"

इतका साधा प्रश्न, आणि उत्तर घरात कोणालाच माहीत नव्हतं. शामलानं घास तसाच धरून थोडा विचार केला.

"पाहू," ती म्हणाली. "आतापर्यंत उरल्या तेवढ्याच खाल्ल्या. तुम्ही लाटत राहा."