गुंडा बसला की येणारा आवाज

गाडी नवीकोरी, डिझेल, पांढरी. मी फौजेत चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, सुभेदार होऊन घरी आलो आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली. पंधराव्या दिवशी तिच्यातून आवाज यायला लागला. टक्, टक्‌टक्, मग थोडा वेळ गप्प, परत टक्. लेहच्या रस्त्यावर नुसत्या आवाजावरून ट्रकचं बेअरिंग ओळखणारा माणूस मी, आणि घरच्या गाडीतली टकटक सापडेना. गावात तोंड दाखवायची चोरी झाली. आवाज शोधल्याशिवाय राहायचं नाही, असं मी ठरवलं.

पहिल्यांदा आवाज आला तो दिवस पक्का ध्यानात आहे. आईचा मोतीबिंदू दाखवायला सांगलीला जायचं होतं. आई म्हणजे मनुबाई, वय ब्याऐंशी, हट्ट आठ वर्षांच्या पोरीचा. म्हणाली, "दोघंबी येत असाल तर डोळा दाखवीन. न्हाईतर ऱ्हाऊ दे तसाच."

दोघं म्हणजे मी, लालासाहेब, आणि माझा धाकटा भाऊ गुंडा. आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात फेटे एकानं कमी पडले आणि नवरीच्या सख्ख्या चुलत्याला टॉवेल-टोपीवर भागवलं. चूक माझ्या मेव्हण्याची. पण गुंडा न जेवता मांडवातून उठला, आणि मीही अडवलं नाही. तेव्हापासून भिंतीला भिंत लागून दोन घरं आणि मधे आई, दोन्हीकडं जेवणारी.

त्या दिवशी मी गाडी चालवत होतो, आई शेजारी, गुंडा मागं डावीकडं. सांगलीला जाताना टकटक, येताना टकटक. गुंडाला दारात उतरवला आणि आवाज बंद. मी तेव्हा काही मनावर घेतलं नाही. पण डोळ्याचं काम संपेपर्यंत आणखी दोन फेऱ्या झाल्या आणि दोन्ही वेळा तीच टकटक.

सांगलीत विश्रामबागेतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी तीनदा गाडी नेली. तिन्ही वेळा कागदावर लिहून दिलं, 'आवाज आढळला नाही.' गाडी मात्र दर वेळी धुऊन देत. अख्ख्या तासगाव तालुक्यात इतकी स्वच्छ गाडी दुसरी नव्हती. चौथ्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा सिद्धू नावाचा जुना मेकॅनिक हात पुसत पुढं आला. हा जतकडचा माणूस, बोलणं कमी.

"सायब, आवाज आला तवा गाडीत कोण कोण हुतं?"

मी सांगितलं.

"आवाजाला त्याची माणसं लागत्यात. तशीच बसवून आणा."

गुंडाला बोलावण्यापेक्षा मी गाडी विहिरीत ढकलली असती. म्हणून आधी अक्कल चालवली. गुंडाचं वजन नव्वद किलो. बेदाण्याचा बॉक्स पंधरा किलोचा. सहा बॉक्स मागच्या सीटवर डाव्या बाजूला रचले, पट्टा लावला आणि तासगावपर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. उलट वाटेत पोलिसानं हात केला. मागं वाकून बघितलं आणि विचारलं, "पट्टा लावून कुणाला बसवलंय?"

"धाकटा भाऊ," माझ्या तोंडातून निघून गेलं.

पोलिसानं माझ्याकडं बघितलं, बॉक्सांकडं बघितलं आणि जाऊ दिलं.

मग गावातल्या जयराज पैलवानाला बसवला. तोही नव्वदचा. तो सांगलीपर्यंत घोरत आला, पण गाडी चकार शब्द बोलली नाही. म्हणजे प्रश्न वजनाचा नव्हता. गाडीला गुंडाच हवा होता.

शेवटी नाक मुठीत धरून आईला म्हटलं, "त्याला सांग, शुक्रवारी गाडीत बसायचंय. नुसतं बसायचं. बोलायचं न्हाई."

आई पलीकडच्या घरात गेली आणि निरोप घेऊन आली. "म्हणतोय, बोलायचं नसंल तर येतो."

शुक्रवारी सेंटरवर पोचल्यावर सिद्धू चालवायला बसला, आई पुढं आणि आम्ही दोघं मागं. मिरज रस्त्याला लागलो आणि आवाज आला. या वेळी तर दोन्ही बाजूंनी. डावीकडून टक्, उजवीकडून टक्‌टक्, जणू एकमेकांना उत्तरं देत होते. मला इतका आनंद झाला, की गुंडाला म्हणणार होतो, ऐकलंस का? जीभ चावली.

सिद्धूनं गाडी कडेला घेतली आणि मागं वळून आमच्याकडं बघितलं.

"तुमी दोघं दारास्नी का चिकटलाय? मधी तिसरा माणूस झोपंल."

खरंच होतं. गुंडा डाव्या दाराला पाठ घासून बसलेला, मी उजव्या. जमलं असतं तर दार फोडून बाहेर गेलो असतो. बेदाण्याच्या बॉक्साला राग येत नाही, पैलवानाचं माझ्याशी वाकडं नाही. दारावर असा रेटा फक्त भाऊच देतो.

"मधी सरका," सिद्धू म्हणाला.

कुणी हललं नाही. आईनं मान वळवली. "सरका."

आम्ही सरकलो. खांद्याला खांदा लागला. गुंडाच्या अंगाला द्राक्षावर मारायच्या औषधाचा वास येत होता आणि तो थोडा वाळला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. मिरजेपर्यंत गेलो, परत आलो. आवाज नाही.

सेंटरवर सिद्धूनं मागच्या दारांचं आतलं प्लास्टिक काढलं. दोन्हीकडच्या दोन-दोन क्लिपा कंपनीतूनच नीट बसल्या नव्हत्या. आतून रेटलं की प्लास्टिक पत्र्यावर आपटायचं. दहा मिनिटांत काम झालं.

"आता कितीबी रुसून बसा," तो म्हणाला.

परत येताना मी चालवत होतो. गुंडा मागं एकटा, पुन्हा दाराला टेकून. आवाज नाही. गाडी लोण्यासारखी चाललेली. मी खूश व्हायला हवं होतं. पण कवठेएकंद मागं पडलं तसं एक ध्यानात आलं. आता गुंडाला बोलवायला काही कारण उरलं नव्हतं. तो दारात उतरणार, आत जाणार आणि संपलं. महिनाभर जो आवाज जावा म्हणून मी जिवाचं रान केलं, तोच गेल्याचं मला वाईट वाटत होतं. एवढा मूर्ख सुभेदार पलटणीत दुसरा नसेल. मी दोन-तीन खड्डे मुद्दाम घेतले. गाडी काही बोलेना. आईला तेवढा त्रास झाला.

गावची कमान दिसायला लागली, तेव्हा मागून खाकरल्याचा आवाज आला.

"दादा, आवाज अजून हाय."

नऊ वर्षांत मला कुणी दादा म्हटलं नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली. नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं, पंखा बंद केला. आम्ही तिघंही कान देऊन बसलो. लांब कुठं तरी ट्रॅक्टर चालला होता, तोही थांबला.

"व्हय," मी म्हणालो. "येतोय."

"परत दाखवाय पायजे."

"मंगळवारी जाऊ. नवाला निघू."

"आठलाच निघू," गुंडा म्हणाला. "तिथं लय गर्दी असती."