कपाटातला पंप

मोहोपाड्याजवळच्या शाळेत सोमवारी सकाळी दहाला बालदम्यावर जनजागृतीचा कार्यक्रम होता. तयारी साडेआठलाच सुरू झाली. व्हरांड्यात सतरंज्या झटकल्या, मैदान पाणी न मारताच झाडले आणि पाहुण्यांना शेजारच्या कारखान्याचा वास येऊ नये म्हणून स्टेजच्या दोन्ही बाजूंना धूप पेटवला.

चौथीतल्या अलफियाला दमा आहे, म्हणून मुख्याध्यापक दशरथ सरांनी तिला मुद्दाम पहिल्या रांगेत, धुपाशेजारी बसवले. तिचा श्वासाचा पंप, म्हणजे इनहेलर, ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होता. "पोरगी एकदा पंपावर गेली की जन्मभर सुटत नाही," असे सरांनी तिच्या आईला, तय्यबाला, जूनमध्येच समजावले होते.

खालापूरहून आलेले डॉक्टर बोलायला उभे राहिले. धूळ, धूर आणि उग्र वासाने मुलांच्या श्वासनलिका आतून सुजतात, असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडल्या. तोवर अलफियाच्या छातीत शिट्टी वाजू लागली होती.

मागे पालकांत बसलेली तय्यबा उठली. "सर, पंप द्या तिचा."

"दोन मिनिटं थांबा. भाषण होऊ दे."

"पोरीला दम घेता येत नाय, नि तुमी भाषण काय घेऊन बसलाव?"

"पंप आधी द्या!" डॉक्टर स्टेजवरून ओरडले. त्यांच्या हातातला पंप नुसता दाखवायचा, पुठ्ठ्याचा होता, चांगला हातभर.

कपाटाची किल्ली शिपाई सखाकडे होती आणि सखा पाहुण्यांसाठी शहाळी आणायला गेला होता. सर त्याला फोन लावू लागले. तय्यबाने शाळेच्या घंटेचा लोखंडी हातोडा उचलला आणि तिसऱ्या घावात कुलूप तोडले.

डॉक्टरांनी स्वतः पंप दिला. दहा मिनिटांनी अलफिया पूर्ण वाक्य बोलली. म्हणाली, पाणी हवंय.

"ताई, ही शाळेची मालमत्ता आहे," सर कुलूप हातात घेऊन म्हणाले.

"तोडलीय मी. लिवून घ्या. नि पंप आता हिच्या खिशात ऱ्हाणार."

"सवय लागेल तिला!"

"श्वास घ्यायची सवय हाय तिला, सर. जन्मल्यापासून."

सरांनी डॉक्टरांकडे पाहिले. "खिशातच," डॉक्टर म्हणाले, "आणि तो धूप विझवा."

दुपारी सरांनी वर अहवाल पाठवला. शाळेने स्वतःच्या पुढाकाराने विद्यार्थिनीला पंप जवळ बाळगण्याची परवानगी दिली आहे, असे त्यात पहिल्याच ओळीत होते.