गार आहे, वाढव

मिस्त्रीचा जन्म जळक्या मोटरी उघडून त्यांची तार नव्याने गुंडाळण्यात गेला होता. मोटर किती तापली हे त्याचं बोट सांगायचं. रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत बाकीचे लोक ताप मोजायचं यंत्र रोखून उभे राहत; त्याची लेक मात्र ऐटीत म्हणायची, "आमच्याकडे बाबांचं बोट आहे." हे ऐकलं की म्हातारा फुलून यायचा. पण साखरेच्या आजाराने हल्ली तीच बोटं बधिर झाली होती, आणि हे सांगायची त्याची छाती होत नव्हती. सांगितलं तर लेक उद्याच यंत्र आणणार आणि आपण नुसते पिशव्या सांभाळायला उरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सरावानंतर लेकीने गाडी त्याच्यापुढे धरली. "सांगा, पिनियन बदलायचं का?"

पिनियन म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं चिमुकलं दातेरी चाक. ते मोठं घातलं की गाडी सरळ पट्ट्यात सुसाट सुटते, पण मोटर ऊर फुटेस्तोवर राबते. मोटर थंड असेल तरच ही चैन परवडते. मिस्त्रीने बोट टेकवलं, डोळे मिटले, सगळं नाटक यथासांग केलं. काहीच लागलं नाही. लागत नाही म्हणजे थंडच असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

"गार आहे. दोन दाते वाढव."

लेकीने पिनियन बदललं. अंतिम फेरीच्या गाड्या पंचांच्या टेबलावर गेल्या. तिथे गेलेल्या गाडीला मग कुणी हात लावायचा नाही, असा नियम. चालक रिमोट घेऊन मचाणावर चढले. मिस्त्रीने पाण्याचा पेला उचलला, तर बोटाच्या टोकाला हा टपोरा फोड.

तो मचाणाकडे धावला. "दाबू नकोस गं! हळू चालव!"

लेक हसली. दर शर्यतीला तो हेच ओरडायचा. "बाबा, बसा बघू खाली!"

खरी गोष्ट ओठांपर्यंत आली, पण चारचौघांत बाहेर पडेना. त्याने फोडाचं बोट वर केलं. तिनेही वरून हात हलवला.

गाडी सुटली ती पहिलीच. शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या बोटाला तोड नाही बुवा." मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच लेकीची गाडी मागे पडावी म्हणून तो देवाला विनवत होता. गाडी मागे पडली नाही. ऐन शेवटाला अडखळली, धूर सोडून थांबली, आणि बाकीच्या गाड्या बाजूने निघून गेल्या.

लेक डोळे पुसत खाली आली. "माझंच चुकलं, बाबा. तुम्ही ओरडत होतात, मीच हावरटासारखी दाबत राहिले." तिने गाडी पुढे केली. "बघा ना, वाचेल का मोटर?"

त्याला सगळं सांगून टाकायचं होतं. त्याऐवजी त्याने मोटरीवर बोट टेकवलं. ते तिथेच राहिलं.

"अहो बाबा, हात काढा! भाजेल!" तिने मनगट धरून त्याचा हात ओढला. फोड फुटला होता. तिने आधी बोटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

तिने चिडावं, चार शब्द सुनवावेत, असं त्याला फार वाटलं. ती चिडली नाही. तिने त्याच्या बोटाला रुमाल गुंडाळला, आणि चष्मेवाल्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, तुमचं यंत्र जरा देता?"