चौथं पिल्लू

"काल धरलीस त्या मादीचं पोट बघितलं होतंस ना?" घरमालकीण व्हर्नाबाईंनी शिडीखालून विचारलं.

हार्लन माळ्यावर गुडघे टेकून बसला होता. थंडी अडवायला छताखाली पसरलेल्या गुलाबी काचकापसात रॅकून या मांजराएवढ्या रानजनावराची चार पिल्लं कुईकुई करत होती. आठ-दहा दिवसांची असतील. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, तोंडावरची काळी पट्टी नुकती उमटत होती. डोळे उघडायलाच अजून दोन आठवडे होते.

ओहायोतल्या या गावात एकतीस वर्षं तो घराघरांतून रॅकून पकडत आला होता. वसंतात पिंजरा उचलला की आधी पोट बघायचं. आचळांभोवतीचे केस झडलेले असले, तर मादी लेकुरवाळी. काल हे पाचवं घर होतं आणि कंबर भरून आली होती. पोट न बघताच त्याने पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं आणि तो निघाला. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

"लांब सोडलीस की काय तिला?"

"नाही, बाई. नदीपलीकडे जायचं जिवावर आलं. पिंजरा माझ्या शेडमध्येच आहे."

"म्हणजे तुझ्या आळसानं घोळ केला नि आळसानंच तारलं."

"तसंच म्हणा."

मादी कालपासून उपाशी होती, पिल्लंही. आता ती त्यांना घेईल की जीव घेऊन पळेल, याचा भरवसा नव्हता. हार्लनने खोक्यात गरम पाण्याची पिशवी ठेवली, वर टॉवेल, त्यावर पिल्लं. मावळतीला खोकं अंगणातल्या मेपलच्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून त्याने शेडमधून आणलेला पिंजरा उघडला. मादी मागे न बघता कुंपणाखालून पसार झाली.

"गेली," व्हर्नाबाई म्हणाल्या.

सकाळी सहाला तो आला, तेव्हा व्हर्नाबाई झग्यातच पायरीवर बसल्या होत्या. खोक्यात एकच पिल्लू होतं, सगळ्यात बारकं. मादीने रात्री परत येऊन तिघांना मानेला धरून एकेक करून नेलं होतं.

"याला विसरली रे."

"विसरली नाही. थकली असेल." हार्लन वाकला, मग कंबर धरून तिथेच खाली बसला. पिशवी गार पडली होती.

खिशातला फोन वाजू लागला. पुढचं घर असणार. त्याने तो बंद केला आणि पिशवी व्हर्नाबाईंपुढे धरली.

"थोडं पाणी तापवता का? आजची रात्र अजून तिची वाट बघू."