जयाच्या दंडावरचा फोड

सकाळी साडेसातला बाळकुमच्या धक्क्यावरून होडी सुटली. होडीत देवी टोचणारे विश्रामराव, मिठागरात राबणारी तुळसा, तिची सात महिन्यांची जया आणि नावाडी भिवा, एवढीच माणसं. साल अठराशे चौऱ्याहत्तर, चैत्र सरत आलेला.

विश्रामरावांना फिरतीवर निघून महिना झाला होता. टिटवाळा, कल्याण, डोंबिवली, मग ठाण्याजवळचं हे बाळकुम. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस आठव्या दिवशी काढायची आणि पुढच्या गावातल्या मुलांना टोचायची, अशी ती दंडादंडावरून न्यायची. आठवा दिवस चुकला की लस गेली. डोंबिवलीत बायकांनी बरीचशी पोरं लपवली. बाळकुमात सहा जणांना टोचलं, फोड धरला तो एकट्या जयाच्या दंडावर. आज तिचा आठवा दिवस होता. समोरच्या बेटावर देवीच्या साथीत दोन मुलं दगावली होती आणि मुंबईहून नवी लस यायला पंधरवडा लागणार होता.

"रावसाहेब, एक देवी बसलीच हाय तिथं," भिवा म्हणाला. "तुमी दुसरी नेताय. दोघींचं पटंल का?"

विश्रामरावांना हसू आलं नाही. चार रात्री त्यांची धड झोप नव्हती.

अर्धी खाडी ओलांडल्यावर त्यांनी जयाच्या दंडावरचं फडकं सोडलं. आत कुंकू होतं, कडेला वाळलेलं दही, आणि फोड बसलेला.

तुळसा खाली मान घालून सांगू लागली. सासूनं, सखुबाईनं, सात दिवस घरात तळण होऊ दिलं नव्हतं, दाराला कडुनिंब बांधला होता. काल संध्याकाळी तिनं फोडाला कडुनिंबाच्याच पाण्यानं न्हाऊ घातलं, दहीभाताचा निवेद दाखवून देवीची बोळवण केली. पुसताना फोड फुटला.

"पाणी लावू नका, असं बजावलं होतं ना मी?"

"बजावलंत. पन सखुआत्या म्हनली, घरी आलेल्या बाईला उपाशी कशी धाडू?"

विश्रामरावांनी फडकं पुन्हा गुंडाळलं. ही धाकटी देवी आहे, थोरलीला घरात शिरू देत नाही, असं अकरा वर्षं दारोदार ते स्वतःच सांगत आले होते. त्या वाक्यावरच दारं उघडत.

ओहोटी लागायच्या आत माघारी फिरायचं का, असं भिवानं विचारलं. त्यांनी हातानंच पुढं चल म्हणून खुणावलं.

बेटावर चार आया मुलं घेऊन बसल्या होत्या. फोडाच्या कडेला जरासा ओलावा उरला होता. त्यात नस्तराचं बारीक पातं बुडवून त्यांनी चौघांना टोचलं. धरेल का, असं एकीनं विचारलं. सांगता येत नाही, पाचव्या दिवशी कळेल, असं ते म्हणाले.

परतताना तुळसानं एवढंच विचारलं, "माज्या जयाला तरी पुरली ना?"

"पुरली."

पाचव्या दिवशी भिवा बेटावर जाऊन आला. तिघांचे दंड कोरे होते. चौथ्याच्या दंडावर लाल ठिपका होता. तो लशीचा की डासाचा, हे त्याला सांगता येईना.