उसने दिलेले नाव

हरिश्चंद्र धामणस्करांचे रामचंद्र, रामचंद्रांचे बाबूराव आणि बाबूरावांची ज्ञानेश्वरी. यांपैकी रामचंद्र हे माझे यजमान. त्यांचे नाव मी तोंडाने घेत नाही. कागदावर लिहिण्यास हरकत नाही.

माझी नात ज्ञानेश्वरी आमच्या आंबा निर्यातीचा संगणकावरचा कारभार पाहते. इंटरनेटवर आमचा पत्ता म्हणजे आमचे आडनाव. त्याखाली प्रत्येक यंत्राला वेगळे नाव द्यावे लागते. मांडणी माणसाच्या नावासारखीच, आधी स्वतःचे आणि मागून घराण्याचे. हे कळताच मी हुकूम सोडला, की यंत्रांना पूर्वजांची नावे द्यावीत. तिने मुकाट्याने दिली. पुढे एका दुपारी ऑर्डरींचे यंत्र बंद पडले. कचेरीत मी एकटी. दुरुस्तीवाला फोनवर विचारत राहिला, "आजी, कुठलं यंत्र? नाव सांगा ना!" सांगणार कशी? ते यजमानांचे होते. ऑर्डरी दोन तास अडकल्या.

"नाव असं हवं, की ते कुणालाही घेता येईल," ज्ञानेश्वरी म्हणाली. "शिवाय यंत्र बदलतं, काम राहतं. नाव कामाला द्यायचं, आजी." तेव्हापासून ऑर्डर, पेटी, टपाल अशी साधी नावे आहेत. नियम तिचा, मी तो मानते.

तीन वर्षांपूर्वी, जुलैच्या अखेरीस, राजिवड्याचा अरशद आमच्या कचेरीत आला. तो कोळंबी आखातात पाठवतो. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मुंबईच्या एका एजंटाने स्वतःच्याच नावावर नोंदवला होता. आता पत्ता बंद पडला होता आणि एजंट फोन उचलत नव्हता. पावसाळी बंदीनंतरची मासेमारी आठ दिवसांवर आली होती, गिऱ्हाइकांची पत्रे परत जात होती, आणि फुकटच्या पत्त्यावरून भाव कळवला तर कोणी उत्तर देत नव्हते.

"नवं नाव घे की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"घेतो गं. पण नव्या नावाला तिकडे ओळखतो कोण?"

पन्नास वर्षांपूर्वी हेच वाक्य माझ्या यजमानांनी अरशदचे आजोबा मजीदभाई यांच्या अंगणात उच्चारले होते. आमच्या पेट्यांना तेव्हा आखातात कोणी विचारत नव्हते. मजीदभाईंनी आपल्या पेढीचा पत्र्याचा छाप खुंटीवरून काढून हातात दिला. तीन हंगाम आमचा हापूस त्यांच्या नावाने गेला. छाप परत करताना यजमानांनी मोबदला विचारला, तर ते नुसते हसले.

"आपल्या नावाखाली याला जागा दे," मी म्हणाले.

"आजी, याचा माल खराब निघाला तर बोल आपल्याला लागेल."

"मजीदभाईंनाही लागला असता. नाव 'पाहुणा' ठेव."

"नातं सांगणारं नाव नको. गिऱ्हाईक ज्या नावानं शोधतं, तेच हवं."

अरशदच्या पेढीला त्याच्या आईचे नाव आहे. म्हणून ठरले ते असे: आधी झरीन, मग टिंब, मग धामणस्कर.

"झरीनखाली आणखी नावं लागली तर मला फोन कर," ज्ञानेश्वरीने त्याला सांगितले. "मी नोंदवून देईन."

"थांब," मी म्हणाले. "मजीदभाईंनी छाप घरी नेऊ दिला होता. एकेक पेटी माझ्या दारात आणून छापून घ्या, असं ते म्हणाले नव्हते."

ज्ञानेश्वरीने विचारले, "म्हणजे झरीनखालचा सगळा कारभार त्याच्याच सर्व्हरकडे सोपवायचा? मग तिथे तो कुठली नावं ठेवतो, यात मला बोलता येणार नाही."

"बोलूच नये."

तिने तसे केले. चौथ्या दिवशी अरशदला आखातातून पहिले उत्तर आले.

यंदा जूनमध्ये मासेमारी थांबली तेव्हा अरशद आजोबांना घेऊन आला. "आजी, आता आमचं नवं नाव तिकडे चालतं. तुमचं परत करायला आलोय." ज्ञानेश्वरीने त्याच्यासमोरच नोंद काढली.

मजीदभाई काठी भिंतीला टेकवून बसले. "वहिनी, मी काही मागितलं नव्हतं."

"म्हणूनच फेडायला पन्नास वर्षं लागली."

"हंगाम किती झाले?"

"तीन."

त्यांनी बोटांवर मोजून पाहिले. "मग फिटलं," ते म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला.