बोटं कोणाच्या खात्यात

सर्जनांची सभा सुरू झाली तेव्हा कलावतीबाईंची चार बोटं माझ्या कोटाच्या उजव्या खिशात होती आणि ती अजून गरम होती. सकाळी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा हात गेला होता. अशी बोटं बर्फात ठेवायची आणि वेळेत जोडायची असतात, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. पण जोडायची कोणी, हे ठरेपर्यंत अध्यक्षांनी ती ओल्या गॉजमध्ये गुंडाळून मला सांभाळायला दिली होती. बाई सभागृहाच्या मधोमध ऑपरेशनच्या टेबलावर जाग्या होत्या. भूल फक्त हाताला दिली होती.

ठराव साधा होता. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी स्वतंत्र मंडळ असावं, त्याची परीक्षा वेगळी, प्रमाणपत्र वेगळं. तो मांडला होता हेमांगी शिरगुप्पेनं, माझ्या विद्यार्थिनीनं. ती हात धुऊन, दोन्ही पंजे वर धरून टेबलाशी उभी होती.

"डॉक्टर, हात खाली घ्या. मतदान सुरू व्हायचंय अजून," अध्यक्ष उमराणीकर म्हणाले.

"घेता येत नाहीत, सर. धुतलेत."

"मग ते मोजले जाणार नाहीत."

प्लास्टिक सर्जरीचे झारापकर उठले आणि म्हणाले, कातडी आमची. अस्थिरोग विभागातर्फे मी उठून म्हणालो, हाडं आमची. टाळ्या पडल्या. मला स्वतःची शरम वाटली, पण टाळ्या थांबेपर्यंत मी उभाच राहिलो. हेमांगीचा हात माझ्यापेक्षा चांगला चालतो, हे मलाच सगळ्यांत आधी कळलं होतं. मंडळ झालं असतं तर माझ्या विभागातले सगळे हात तिच्याकडे गेले असते आणि मला गुडघे उरले असते.

बसताना मी खिशात हात घातला. बोटांनी माझी बोटं धरली आणि धार काढायला लागली. वरून दाबत खाली, वरून दाबत खाली. सवयीची होती.

"डाक्टर," कलावतीबाई टेबलावरून म्हणाल्या, "माझी बोटं तुमच्याकडंच हायती न्हवं?"

"आहेत."

"मग द्या की त्या पोरीकडं. म्हशी वरडत असतील. माझ्याबिगर कुणाला दूध देत न्हाईत त्या."

हेमांगी माझ्याकडे बघत होती. मी नुसता हात लांब केला असता तरी पुरे होतं.

"चर्चा होऊ दे, बाई," मी म्हणालो. असं बोलणाऱ्या माणसाला मी दुसरीकडे भेटलो असतो तर तोंड फिरवलं असतं.

बोटं पिळत राहिली. खिसा ओला झाला आणि कोटावरून पांढरा ओघळ फरशीवर आला. झारापकरांनी पाय बाजूला घेतले आणि बोलणं चालू ठेवलं. माझी बोटं हलकी होत गेली. दुखत नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"ठरावाच्या विरोधात?" अध्यक्षांनी विचारलं.

उजवा हात सुटेना. मी डावा वर केला. तो बघून माझ्या विभागाचे सगळे हात वर गेले.

"बाजूनं?"

हेमांगीचे दोन्ही हात वर होते. अध्यक्षांनी ते नीट पाहिले. "हे आधीपासूनचे आहेत," ते म्हणाले आणि ठराव पडला. मग ते माझ्याकडे वळले. "हात तुमच्याकडेच राहिला. जोडा आता."

मी खिशातून हात काढला. त्याला कलावतीबाईंची बोटं होती. टाका नाही, व्रण नाही, नखांत कडब्याची धूळ. खिशातल्या गॉजमध्ये माझी होती, रिकामी आणि गार.

हेमांगी पंजे वर धरूनच जवळ आली आणि वाकली. "हलवून दाखवा, सर."

मी हलवली.

"छान जोडलीत," ती म्हणाली. तिला खरंच कौतुक वाटलं होतं.

कलावतीबाईंनी भूल दिलेला हात दुसऱ्या हातानं उचलला आणि माझ्यापुढे धरला. माझ्या हाताची बोटं त्याच्याकडे वळली आणि हवेतच धार काढू लागली.